रेखाटनाचा नेम : घरी आणि प्रवासात

(श्रींच्या वार्षिक उत्सवात अग्रशाळेच्या चौकात महाजन कुटुंबीयांसमोर दिलेले व्याख्यान)



या चौकात आजवर कीर्तनकार, वेदमूर्ती आणि विद्वान प्राध्यापक बोलून गेले. मी त्यांपैकी कोणीच नव्हे. आयुष्याची छत्तीस वर्षे मी एका बँकेत खतावण्या लिहिण्यात घालविली. चित्रकार तर मी मुळीच नव्हे. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झालो आणि इंटरमिजिएटला नापास झालो. तरीही समितीने मला रेखाटनाविषयी बोलण्याची आज्ञा केली. त्याचे कारण एवढेच की, १९७९ सालापासून मी रोज एक रेखाटन करीत आलो आहे, आणि त्या वह्यांतील एक पान यंदा देवस्थानाच्या कामी आले. ते पान कसे कामी आले आणि त्याच वेळी माझी चाळीस वर्षांची मेहनत एका बाबतीत कशी तोकडी पडली, या दोन्ही गोष्टी मी आपणांपुढे ठेवणार आहे. पहिली सांगताना मला आनंद होतो. दुसरी सांगताना लाज वाटते. परंतु दुसरी सांगितल्यावाचून पहिलीला काही अर्थ राहात नाही.

नेमाचा पहिला धडा मला कोणत्याही चित्रशाळेत मिळाला नाही. तो बेळगावच्या आमच्या घराच्या अंगणात मिळाला. माझी आई पहाटे उठून सडा घाली आणि तुळशीवृंदावनापुढे रांगोळी काढी. चिमटीतून ठिपके पडत, ठिपक्यांच्या ओळी होत, आणि मग एकही ठिपका न सोडता रेघ त्यांच्याभोवती वळत जाई. दुपारपर्यंत कोणाच्या तरी पायाने ती रांगोळी विस्कटलेली असे. लहानपणी मला त्याचे वाईट वाटे. आईला वाटत नसे. ‘उद्या पुन्हा काढायचीच आहे,’ एवढेच ती म्हणे. पुढे मोठेपणी वही हातात घेतल्यावर माझ्या ध्यानात आले की, या स्त्रीने आयुष्यभर रोज एक रेखाटन केले आणि त्यातले एकही जपून ठेवले नाही. चांगले झाले म्हणून ती फुशारली नाही, बिघडले म्हणून दुसऱ्या दिवशी थांबली नाही. एखादी रेघ वाकडी गेली तर ती पुसण्यात वेळ न दवडता तिलाच एक वळण देऊन नक्षीत सामावून घेई. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एक तरी आई, आजी वा आत्या होऊन गेली असेल. म्हणून रोज रेखाटन करणे ही काही परदेशातून आलेली हौस आहे, असे कृपा करून कोणी समजू नये.

१९७९ साली माझी हुबळीस बदली झाली. घर बेळगावात आणि मी एका खोलीत एकटा. संध्याकाळ खायला उठे. अशा एका संध्याकाळी मी कोऱ्या कागदांची एक वही आणि एक पेन्सिल विकत घेतली आणि समोर होता तो स्टोव्ह काढला. चित्र अगदी वाईट आले. खाली तारीख घातली. दुसऱ्या दिवशी तोच स्टोव्ह पुन्हा काढला. तोही वाईट आला, पण त्याच्या तीन पायांपैकी मागचा पाय पुढच्यांपेक्षा वर दिसतो, एवढे त्या दिवशी डोळ्यांना उमगले. तो स्टोव्ह मी रोज पेटवीत असे. त्याच्याकडे पाहिले मात्र त्या दिवशी. मला हवे होते ते त्या दोन पानांत मिळाले आणि मी नेम धरला.

हा नेम कसा चालवावा, हे नव्याने आरंभ करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वही खिशात किंवा पिशवीत सहज मावेल एवढीच घ्यावी. मोठी वही टेबलाची वाट पाहते, लहान वही कोणाचीच वाट पाहात नाही. पेन्सिल दोन बी किंवा चार बी असावी, म्हणजे रेघ हलकी आणि गडद अशी दोन्ही निघते. तिला टोक चाकूने करावे, ते लांब होते व पुरते. खोडरबर घरी ठेवावे. रेघ चुकली तर तिच्याशेजारी बरोबर रेघ काढावी आणि दोन्ही तशाच राहू द्याव्यात. आपण कोठे चुकलो हे पुढे वही चाळताना त्यावरूनच कळते. प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि स्थळ लिहावे. रंग भरण्यास वेळ नसेल तर ‘येथे तांबूस’, ‘येथे शेवाळ’ असे शब्दांत लिहून ठेवावे. पंधरा मिनिटे पुरेत. परंतु ती पंधरा मिनिटे दिवसाच्या एखाद्या पक्क्या कामाला बांधून टाकावीत. मी ती सकाळच्या चहाला बांधली. देवपूजेनंतर, दुपारच्या जेवणानंतर, तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर, ज्याला जी वेळ सोयीची ती त्याने धरावी. वेळ मिळेल तेव्हा काढू, असे ज्यांनी ठरविले त्यांना वेळ मिळाल्याचे मी पाहिले नाही.

आणि खाडा पडला तर? खाडा पडणारच. मुलांची दुखणी, घरातील कार्ये, सुतक, बँकेचा मार्चअखेर, हे कोणाला चुकले आहे? माझ्या वह्यांत कोरी गेलेली सलग तीन-तीन आठवड्यांची अंतरे आहेत. राहिलेली चित्रे मागाहून भरून काढण्याच्या भरीस पडू नये. ती उधारी वाढत जाते आणि शेवटी माणूस दुकानच बंद करतो. ज्या दिवशी वही उघडली त्या दिवशीची तारीख घालावी आणि पुढे चालावे.

काय काढावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उत्तर सोपे आहे : समोर असेल ते. विळी, समई, पाट, तांब्या, उंबऱ्यावरच्या चपला, वर्तमानपत्र वाचता वाचता डुलकी लागलेले वडील, निजलेले मूल. तांब्या काढताना त्याच्या तोंडाचे वर्तुळ लंबगोल दिसते आणि बूड त्याहून अधिक फुगीर दिसते, हे समजण्यास मला एक महिना लागला. माप घेण्यासाठी हात ताठ लांब करावा, पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा आणि अंगठ्याने पेन्सिलीवर उंची धरून तीच रुंदीवर लावून पाहावी. समई तिच्या बैठकीच्या किती पट उंच आहे, हे कळले की अर्धे चित्र झाले. आणखी एक युक्ती. खुर्चीसारखी वस्तू जमत नसेल तर खुर्ची न काढता तिच्या पायांमधल्या, हातांमधल्या पोकळ्या काढाव्यात. खुर्ची कशी असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण पाहात नाही आणि मनातली खुर्ची कागदावर उतरवितो. पोकळी कशी असते हे ठाऊक नसल्यामुळे तिच्याकडे पाहावेच लागते.

आता प्रवासाकडे वळतो. माझ्या बदल्या अनेक ठिकाणी झाल्या. शिवाय जत्रेसाठी दरवर्षी बेळगावहून गोव्यात येणे असेच. त्या काळी लोंढ्याहून पुढे मीटरगेजची गाडी होती. नव्वदीच्या दशकात तो मार्ग ब्रॉडगेज झाला. कॅसल रॉक हे १९६१ पर्यंत सरहद्दीचे स्थानक होते आणि तेथे पेट्या उघडून दाखवाव्या लागत, असे वडील सांगत. माझ्या वाट्याला तेथे फक्त गाडीचा लांबलेला मुक्काम आला आणि त्या मुक्कामाने माझी कितीतरी पाने भरली. चालत्या गाडीतून बाहेरचा डोंगर काढू जाऊ नये. तो हाताशी येण्यापूर्वी निघून जातो. डब्यातले काढावे. समोर बसलेल्यांचे हात, बाकाखालची वळकटी, खिडकीचे गज, फिरकीच्या तांब्याला धरून निजलेली म्हातारी. गाडी हलते म्हणून रेघ थरथरते, थरथरू द्यावी. माणूस जागा झाला, वळला किंवा उतरून गेला, तर चित्र अर्धे सोडून त्याच पानावर दुसरे सुरू करावे. प्रवासातील वहीचे पान असे अर्ध्या-मुर्ध्या गोष्टींनीच भरते, आणि पुढे वीस वर्षांनी ते पाहताना डबा, वास, ऊन, बोलणे हे सारे त्या अर्ध्या रेघांतून परत येते.

देवळे काढताना आरंभ कळसापासून करू नये. आधी जोते, मग खांबांची संख्या व त्यांतील अंतरे, मग छपराची कड आणि शेवटी शिखर. दीपस्तंभाचे मजले आधी मोजावेत. खालचा व वरचा मजला यांच्या रुंदीचा हिशेब घ्यावा. मधले आपोआप बसतात. तांबडी सुर्ला येथील बाराव्या-तेराव्या शतकातील कदंबकालीन महादेवाच्या देवळात मी दोन वेळा दिवसभर बसलो. काळ्या दगडाच्या त्या लहानशा वास्तूत मंडपाच्या छतावर कोरलेले कमळ मान वर करून काढावे लागते, आणि मान अवघडल्यावरच कळते की ते कोरणाऱ्याची काय अवस्था झाली असेल. बांदोड्यास श्रीनागेशाच्या सभामंडपात रामायणातील प्रसंगांची जी लाकडी कोरीव पट्टी आहे, तिची एकेक आकृती मी अनेक वाऱ्यांत काढली. मात्र एक पथ्य पाळावे. गर्भगृहातील मूर्ती काढण्यापूर्वी त्या देवळाचा रिवाज विचारावा, आणि नको म्हटले तर वही मिटावी. पावसाळ्यात कागद सर्द होतो, शाई फुटते. म्हणून आषाढ-श्रावणात पेन्सिलच बरी, आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी.

आमच्या या वेड्या नेमाला मोठ्यांचा आधार आहे, हेही सांगितले पाहिजे. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. १९१० साली इंदूरच्या मराठी घरात जन्मलेला हा चित्रकार देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकला, आणि मग काश्मीरपासून सारा देश हिंडला. १९४५ साली ते शांतिनिकेतनास राहून आले. तेथील नंदलाल बोस तर लहान कार्डे जवळ बाळगून जेथे जात तेथे रेखाटने करीत आणि तीच कार्डे स्नेह्यांना व शिष्यांना टपालाने पाठवीत. पुढे बेंद्रे यांनी १९५० पासून वडोदऱ्याच्या कलाविद्यालयात चित्रकला विभागाची उभारणी केली. ही चित्रकारांची उदाहरणे झाली. त्यांचा तो धर्मच होता. परंतु आपल्याला अधिक जवळचे असे एक उदाहरण आपल्या दाराशी आहे.

श्रीरामनाथ सोळाव्या शतकात ज्या लोटली गावातून बांदोड्यास आणले गेले, त्याच लोटली गावात मारियो मिरांडा वाढले आणि २०११ साली तेथेच निवर्तले. १९२६ साली त्यांचा जन्म झाला तो दमणला. लहानपणी ते घराच्या भिंतीवर चित्रे काढीत, तेव्हा आईने त्यांना रागे भरण्याऐवजी एक कोरी वही आणून दिली. तिला ते आपली दैनंदिनी म्हणत. चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या या माणसाने तरुणपणी रोजच्या रोज आपला दिवस चित्रांतून लिहून ठेवला. पुढे १९५९ साली ते गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर पोर्तुगालला गेले, तेथून इंग्लंडात राहिले, १९७४ साली अमेरिकेस जाऊन आले, जर्मनीतल्या हिवाळ्यावर त्यांनी चित्रांचे एक पुस्तक केले. जगभरची शहरे त्यांच्या रेषेत आली. परंतु १९४९, १९५० आणि १९५१ या सालांच्या त्यांच्या दैनंदिन्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्या चाळताना माझे डोळे उघडले. त्यांत मोठी स्थळे थोडी. गावातले शेजारी, लग्ने, मेजवान्या, बाजार, पाद्री, कुत्री, वरांडे हेच अधिक. त्या दिवसांत कोणाला त्याचे महत्त्व वाटले असते? आज मात्र तो गोवा पाहावयाचा तर त्या वहीकडे जावे लागते. परदेशाची चित्रे त्यांच्याआधी पुष्कळांनी काढली होती. लोटलीतल्या त्या वर्षांतील रोजच्या दिवसांची चित्रे त्यांनी काढली नसती तर कोण काढणार होते?

आता मी माझ्या लाजेच्या गोष्टीकडे येतो.

आपण बसलो आहोत त्या अग्रशाळेच्या आतल्या पडवीची लांब भिंत वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिच्यावर कावीचे काम होते. नव्या पिढीसाठी सांगतो की, कावी म्हणजे आपल्या किनारपट्टीचे खास भित्तिचित्र. भिंतीवर आधी पांढऱ्या चुन्याचा गिलावा देतात. त्यावर हिरमजीच्या तांबड्या रंगाचा थर चढवून तो घोटतात. आणि तो ओला आहे तोवर टोकदार लोखंडी कांट्याने खरडून खालचा पांढरा गिलावा उघडा करतात. तांबड्यावर पांढरे असे ते चित्र उठते. चुना वाळून दगडासारखा होतो म्हणून हे काम पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पाऊस त्याचे फारसे बिघडवीत नाही. बिघडवितो तो माणूस. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी गावोगाव हिंडून या कलेची नोंद केली नसती, तर तिचे नावही पुष्कळांना ठाऊक राहिले नसते.

आपल्या भिंतीवर सहा पाकळ्यांच्या फुलांची रांग होती आणि वर वेलपत्ती होती. दर जत्रेला मी त्या भिंतीखाली पथारी टाकली. तिच्याकडे पाहात निजलो आणि तिच्याकडे पाहात उठलो. १९९७ साली अग्रशाळेची दुरुस्ती निघाली. भिंत जुनाट दिसते, हात लावला की कपड्यांना रंग लागतो, तिला चकचकीत टाइल्स बसवाव्यात, असा विचार सभेपुढे आला. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. यात्रेकरूंना स्वच्छ जागा मिळावी, हाच हेतू होता. त्या सभेत मी हजर होतो, आणि संमतीचा हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता. सिमेंट धरावे म्हणून जुना गिलावा छिन्नीने टोचून काढण्यात आला. दोन दिवसांत काम झाले.

या स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा समितीतील तरुण मंडळी माझ्याकडे आली. त्यांना जुन्या भिंतीचे चित्र हवे होते. ‘काका, तुम्ही रोज काढता, तुमच्याकडे असणारच,’ असे ते म्हणाले. मलाही खात्री होती. मी वह्या खाली काढल्या. सत्तरांहून अधिक वह्या आहेत. तीन दिवस मी त्या पानोपान चाळल्या. हंपी सापडली, बदामी सापडली, वेरूळ सापडले, इंदूरचा राजवाडा सापडला, श्रीनगरचे शिकारे सापडले. या भिंतीचे एकही चित्र सापडले नाही. अठरा जत्रा मी तिच्याखाली निजलो होतो. ती कोठे जाणार आहे, पुढच्या वर्षी काढू, असे अठरा वेळा म्हटले असले पाहिजे. नव्हे, तसे म्हणण्याचेही मला सुचले नव्हते. दूरची वस्तू पुन्हा दिसणार नाही या भीतीने आपण ती घाईने काढून घेतो. घरची वस्तू घरचीच म्हणून राहून जाते. आणि काळाचा हात आधी पडतो तो घरच्याच वस्तूवर. कारण हंपीला राखणदार आहे. अग्रशाळेच्या भिंतीला आपल्यावाचून दुसरे कोण होते?

तिसऱ्या दिवशी रात्री १९८६ च्या वहीत एक पान मिळाले. त्यावर माझी आई आहे. पालखी परतल्यावर दमून ती पडवीत भिंतीला डोके टेकून बसली होती आणि मी त्या दिवशीचा नेम चुकू नये म्हणून तिला घाईने काढले होते. आणि तिच्या डोक्याच्या उजव्या बाजूस त्या भिंतीवरील एक फूल आले आहे; तेही पुरे नव्हे. एक पाकळी अखंड, दुसरी अर्धी, आणि वर वेलपत्तीची दोन पाने. ती मी मुद्दाम काढली नव्हती. आईची मान किती कललेली आहे हे कळावे म्हणून मागची रेघ धरली होती, एवढेच.

ते पान मी एका जाणत्या कारागिरास दाखविले. त्याने जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. सहा पाकळ्यांचे फूल कंपासाने काढतात. वर्तुळ आखून, कंपासाचे अंतर न बदलता परिघावरून फिरत गेले की बरोबर सहा ठिकाणी खुणा पडतात, आणि त्या खुणांवरून कंस मारले की सहा पाकळ्या उमटतात. यामुळे प्रत्येक पाकळीची लांबी वर्तुळाच्या त्रिज्येएवढी असते. म्हणजे एक अखंड पाकळी हाती लागली तर सारे फूल हाती लागले. राहता राहिले माप. आईचे डोके भिंतीला टेकलेले होते, म्हणून डोके आणि फूल एकाच अंतरावर होते. चित्रात पाकळीची लांबी डोक्याच्या उंचीएवढी आहे. माणसाचे डोके हनुवटीपासून टाळूपर्यंत सुमारे नऊ इंच धरले, तर फुलाचा व्यास अठरा इंच होतो. अठरा इंच म्हणजे आपला जुना एक हात. तो कारागीर हसला आणि म्हणाला, ‘बरोबर आहे. त्याने हातानेच मोजले असणार.’

ते पान समितीच्या स्वाधीन केले आहे. भिंत परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. वेलपत्तीचे वळण कसे होते, फुले किती होती, कोपऱ्यात काय होते, यांचे उत्तर त्या पानात नाही आणि आता कोठेच नाही. तरीही एक फूल उरले, ते केवळ त्या दिवशी खाडा पडला नाही म्हणून.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे. मग पेन्सिलीची एवढी उठाठेव कशाला? छायाचित्रे अवश्य काढावीत. १९९७ साली एक जरी छायाचित्र कोणी काढले असते, तरी आज मी त्याचे पाय धरले असते. माझे म्हणणे वेगळे आहे. छायाचित्र काढण्यासाठी सुद्धा ती वस्तू काढण्यासारखी आहे, असे आधी वाटावे लागते. भिंत फुटली त्या दिवशी आपणांपैकी कित्येकांच्या घरी कॅमेरे होते. नजर नव्हती. ती पंधरा मिनिटांच्या नेमाने येते. जो माणूस एखाद्या खांबापुढे पंधरा मिनिटे पेन्सिल घेऊन बसला, तो त्या खांबाला पाडण्याच्या ठरावावर इतक्या सहजासहजी हात वर करणार नाही. मी भिंतीसमोर एकदा जरी बसलो असतो, तर त्या सभेत उठून बोललो असतो, असे मला आज प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या पूर्वजांचे स्मरण करून मी आटोपते घेतो. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. त्या लोकांनी घरेदारे मागे टाकली, पण देव पाठीशी घेतले. ज्या देवळांतून ते निघाले ती देवळे कशी दिसत होती, त्यांच्या खांबांवर काय होते, तुळशीवृंदावन कोणत्या अंगाला होते, याचे चित्र आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही. त्यांना चित्र काढण्याची सवड नव्हती. त्यांना दोष कोण देईल? आपल्याला सवड आहे. आपल्या मागे कोणी लागलेले नाही. तरी आपल्या डोळ्यांदेखत मंगळुरी कौले गेली, लाकडी खांब गेले, चिऱ्याच्या पायऱ्या फरशीखाली गेल्या. काळाबरोबर काही गोष्टी बदलणारच, आणि यात्रेकरूंची सोयही पाहिली पाहिजे. माझी विनंती इतकीच आहे की, जे बदलावयाचे ते बदलण्यापूर्वी कोणीतरी त्याच्यासमोर बसावे.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. येथे बेळगाव, मुंबई, वडोदरा, इंदूर अशा ठिकाणांहून कुटुंबे आली आहेत. परतताना प्रत्येक घराने एक कोरी वही घ्यावी. घरातील ज्याला आवड असेल त्याने, आणि विशेषतः ज्याला चित्रकला येत नाही असे शाळेने सांगितले असेल त्याने, रोज एक रेखाटन करावे. आरंभ आपल्या देव्हाऱ्यापासून आणि स्वयंपाकघरापासून करावा. आणि पुढच्या जत्रेला येताना ती वही आणावी. येथे आल्यावर एकेका घराने देवळाचा एकेक भाग वाटून घ्यावा. कोणी नगारखाना, कोणी तळीच्या पायऱ्या, कोणी पालखीचा दांडा, कोणी दीपस्तंभ. चित्रे चांगली येण्याची आवश्यकता नाही. तारीख आणि स्थळ लिहिलेले असावे. त्या पानांच्या प्रती अग्रशाळेच्या कपाटात ठेवण्यास समितीने संमती दिली आहे, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

उद्या सकाळी पूजेपूर्वी मी तळीच्या पायऱ्यांवर बसणार आहे. मुलांना यावयाचे असल्यास त्यांनी यावे. पेन्सिली मी आणल्या आहेत. मागील वर्षी पश्चिमेकडच्या पायऱ्यांचे दोन चिरे निसटलेले मी पाहिले. ते बदलण्याचे काम पावसाळ्यापूर्वी निघेल असे ऐकतो. त्याआधी त्या पायऱ्या वहीत आल्या पाहिजेत.